उंबऱ्याच्या आत पंप

संघदीपनं बॅटरीवरचा फवारणी पंप आणला, त्या दिवशी भीमनगरातली अर्धी पोरं त्याच्या अंगणात जमली. पंप दिसायलाही देखणा होता. पिवळी टाकी, काळे पट्टे, पाठीला टोचू नये म्हणून मागं जाडजूड स्पंजाची गादी, आणि बुडाशी एक इवलासा दिवा. चार्जिंग चालू असलं की लाल, पुरं झालं की हिरवा. जुन्या पंपाचा दांडा दिवसभर हापसून संघदीपचा खांदा भरून यायचा. आता नुसतं बटण दाबायचं, की पंप मांजरासारखा गुरगुरायचा आणि नळीच्या तोंडातून बारीक धुकं सोडायचा. संघदीपला स्वतःचं वावर नव्हतं. दुसऱ्यांच्या कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणं हाच त्याचा रोजगार. पंप आल्यापासून बाभुळगावच्या रस्त्यावरचे सगळे वावरवाले त्यालाच बोलवायला लागले, त्याचा मोबाईल सारखा वाजायला लागला, आणि माणूस जरा ताठ चालायला लागला. त्याची बायको ममता ते बघून तोंडाला पदर लावून हसायची. हसू द्या बिचारीला. त्या साली तिच्या वाट्याला एवढंच हसू होतं.

ते दोन हजार सतराचं साल. कपाशीनं आधीच लोकांना रडवून सोडलं होतं, त्यात त्या वर्षी पऱ्हाटी वाढली ती माणसाच्या डोक्याच्या वर गेली. बोंडं कमी, पाला फार, आणि पाल्यात अळी. वावरवाले बिथरले. एका औषधानं अळी मरेना म्हणून त्यात दुसरं मिसळ, दुसऱ्यात तिसरं मिसळ, असा सगळा कारभार. फवारणाऱ्यानं त्या झाडीत शिरायचं, नळी डोक्याच्या वर धरायची, आणि उडालेलं सगळं आपल्याच तोंडावर घ्यायचं. दुकानदारानं विकलं, वावरवाल्यानं घेतलं, आणि अंगावर घेतलं ते संघदीपसारख्यांनी. याचा राग ज्यांना यायला हवा होता त्यांना तो आला नाही.

मग बातम्या यायला लागल्या. पूर्वी अशी बातमी एसटीतून उतरायची, चार जणांच्या तोंडून फिरून जरा निवून यायची. आता ती थेट मोबाईलवर यायची. अमक्या गावचा माणूस फवारता फवारता धुऱ्याच्या बांधावर आडवा झाला. तमक्या गावच्या पोराला दिसेनासं झालं. यवतमाळच्या दवाखान्यात खाटेला हात बांधलेले गडी, टक्क उघडे डोळे, शेजारी तोंडात पदर कोंबून बसलेल्या बाया. ममता हे सगळं बघायची. बघू नये म्हणायची आणि पुन्हा बघायची. पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला संघदीपचं तोंड लागायचं.

विहारासमोर आरोग्याच्या नर्सबाईंनी बायकांना जमवून समजावून सांगितलं. फवारणी थंड्या वेळी करायची, सकाळी लवकर. ऊन चढलं, वारा सुटला, की बंद. आल्याबरोबर अंगावरचे कपडे काढून साबणानं आंघोळ. आणि लक्ष ठेवायचं : फार घाम, तोंडातून लाळ, पोटात कळ, अंधारी, आणि डोळ्यातली काळी बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी बारीक झाली तर एक मिनिटही घालवायचं नाही, सरळ दवाखाना. बाकीच्या बाया घरी जाईपर्यंत निम्मं विसरल्या. ममता एक अक्षर विसरली नाही. मोहरीचा दाणा तर तिच्या डोक्यात रुतूनच बसला.

तेव्हापासून तिचा नेम सुरू झाला. संघदीप वावरातून आला, गोठ्याच्या आडोशाला आंघोळ करून आला, की ती त्याला दारात उभा करायची आणि हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायची.

"अवो, इकडं पाहा बरं."

"अवं, कालच त पाह्यलं ना तूनं."

"काल पाह्यलं थे कालचं झालं. हालू नका."

"मले पसंत कराले आली काय तू? लगन होऊन धा वर्स झाले, आता वापस नाई करता येत."

तो थट्टेवर न्यायचा. ती हसायची नाही. बाहुली नीट काळीभोर दिसली, की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि मगच चुलीवर तवा चढायचा. सासू पंचफुलाबाई बाजेवरून हे रोजचं नाटक बघायची आणि म्हणायची, "पाहू दे रे बाबू. आपल्यावर जीव लावनारं मानूस हाय थे."

आता या घराची एक रीत सांगायला हवी. पंचफुलाबाईचा नवरा देवराव, तोही आयुष्यभर फवारणारा. त्यानं शेळ्यांच्या गोठ्यात आतल्या बाजूला उंच एक खुंटी ठोकली होती. पंप, औषधाचा डबा, फवारणीचे कपडे, सगळं त्या खुंटीला आणि तिच्या वरच्या फळीवर. उंबऱ्याच्या आत त्यातलं काही यायचं नाही. देवराव गेला, पण खुंटी राहिली आणि रीतही राहिली. का म्हणून कुणी कधी विचारलं नाही. चप्पल जशी दाराबाहेर काढतात, तसा पंप बाहेर राहायचा.

पण देवरावाच्या पंपाला लाईन लागत नव्हती. हा नवा पंप खात होता ती वीज, आणि गोठ्यात वीज नव्हती. सुरुवातीला संघदीप तो बंजाऱ्यांच्या तांड्यावर रूपसिंगच्या पिठाच्या गिरणीत नेऊन लावायचा. रूपसिंग त्याचा शाळेपासूनचा दोस्त, नाही म्हणायचा नाही. पण लाईनचा काही भरवसा होता का? आली तर गिरणी चालायची, गिरणी चालली की पंप बाजूला. अर्ध्या चार्जिंगवरच संघदीप वावरात जायचा, पंप मधेच मान टाकायचा, मग पुन्हा तांड्यावर, पुन्हा वाट बघणं. तोवर ऊन डोक्यावर यायचं, वारा उलटा फिरायचा, आणि राहिलेलं काम तशात उरकायचं. बापूजी म्हणून एक वावरवाले होते, ते तर फोनवर फोन लावायचे, "संघदीप, अर्धं वावर सोडून पयाला काय रे?"

एका दुपारी संघदीप असाच आला. दारातच बसला. तोंड लाल झालेलं, डोकं दोन्ही हातांत धरलेलं, आणि नालीत भडाभडा ओकला. ममतानं धावत जाऊन त्याची मान वर केली. बाहुली बारीक नव्हती. तरी त्या दिवशी तिनं तवा चढवलाच नाही, चुलीपुढं नुसती बसून राहिली.

"सकायी सकायी काम होऊन गेलं असतं, त हे झालं नसतं," ती म्हणाली.

"चार्जिंग पुरलं असतं त झालं असतं ना."

"मग गोठ्यात वायर घ्या."

संघदीपनं वर बघितलं. "कोकिळाकाकूची बकरी कशी मेली, भुलली काय?" शेजारच्या कोकिळाकाकूंनी मागच्या पावसाळ्यात गोठ्यात बल्ब लावला होता. पत्रा गळत होता, वायर ओली झाली, आणि शेळी खुंट्याला चिकटून राहिली ती राहिलीच. सोडवायला गेलेली कोकिळाकाकू थोडक्यात वाचली. नाही, गोठ्यात वायर नको होती.

दुसऱ्या दिवशी संघदीप घरी नसताना ममतानं ठरवून टाकलं. खुंटीवरचा पंप काढला, विहिरीवर नेला, टाकी आतून बाहेरून साबणानं घासली, नळी धुतली, पट्टे चोळले, गादीवरूनही पाणी ओतलं. जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून नाकाशी धरला. नेहमीचा तो उग्र वास जवळजवळ गेला होता. मग तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि उंबरा ओलांडून घरात आणला.

घरात बोर्ड एकच, पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली बऱ्याच अंतरावर. तिथं तीन काड्यांच्या पिनीची जागा एक आणि शेजारी मोबाईलची. ममतानं पंप भिंतीला पाठ न लावता गादी बाहेरच्या बाजूला करून ठेवला, कारण चार्जिंगची वायर गादीच्या उलट बाजूला होती. पिन लावली. लाल दिवा लागला.

पंचफुलाबाई बाहेरून आली आणि दारातच थबकली. "हे काय व्हय? पंप घरात?"

"रिकामा हाय आत्याबाई. साबन लावून धुतला."

"तुया सासऱ्यानं कधी येऊ देल्ला नाई घरात."

"त्याइच्या पंपाले लाईन नव्हती लागत." ममताचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "आत्याबाई, तुमच्या पोराचा जीव थंड्या वक्ताले काम उरकन्यात हाय. मले नका रागवू. मले लय भेव लागते."

पोराचा जीव म्हटल्यावर म्हातारी बाजेवर जाऊन बसली. जिच्या अंगावर काटा उभा राहतो तिला रीत कुठली ऐकू येते?

आणि खरं सांगायचं तर ममताचं बरोबर निघालं. पंप हिरवा दिवा घेऊन तयार राहायचा. संघदीप उजाडता उजाडता जायचा, ऊन चढायच्या आत मोकळा व्हायचा. डोकेदुखी थांबली, ओकाऱ्या थांबल्या. दारात उभं करून डोळे बघितले की बाहुली जिथल्या तिथं. बापूजींचे फोन बंद झाले. रोज दुपारी तो पंप विहिरीवर धुवायचा, आणि ममता तो आत नेऊन पिनीला लावायची. मग तो विहाराच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचा, धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती तिथं. ममताला वाटलं, आपण एका मोठ्या संकटाला परस्पर वाटेला लावलं. आपल्या भीतीचं तिला कधी नव्हे ते कौतुक वाटलं.

त्यांची पोरगी उर्वशी तिसरीत होती. कमरेपर्यंत केस, आणि त्या केसांचा तिला भारी गर्व. रोज सकाळी ममता चुलीपुढंच तिला बसवायची, तेल चोपडून घट्ट वेणी घालायची आणि मगच भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. धम्मचक्र दिनाच्या नाचात वेणीवर गजरा माळायचं पोरीनं कधीच ठरवून टाकलं होतं. शाळेत सत्यशीला मॅडम नव्यानं आल्या होत्या, मोठ्या हौशी बाई. त्या मोबाईलवर गाणी, पाढे, गोष्टी पाठवायच्या आणि पोरांनी घरी बघाव्यात म्हणून सांगायच्या. घरातला जुना मोबाईल मात्र म्हाताऱ्या बैलासारखा. पिन काढली की बसलाच. चार्जरची वायर तर हातभर. त्यामुळं उर्वशी शाळेतून आली की बोर्डाखाली जमिनीवर बसायची, पिनीला लावलेला मोबाईल मांडीवर घ्यायची आणि पाठ टेकवायची पंपाच्या गादीला. मऊ मऊ गादी. डोकं मागं टाकलं की वेणी गादीवर रुळायची. तिथंच भाकरीचा घास, तिथंच अभ्यास, सुटीच्या दिवशी तिथंच डुलकी.

ममता येता जाता ते बघायची. पोरगी शहाण्यासारखी एका जागी बसून शिकते आहे, याचं तिला बरं वाटायचं. पंचफुलाबाईला नाही वाटायचं. पण तिचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता.

"त्या मोबाईलपाई डोये जातीन पोट्टीचे. तेव्हा म्हनजो, आजी सांगत होती."

पुढं पोरीचं खाणं कमी झालं. पोटात दुखतं म्हणायची. शाळेतून यायची ती घामानं निथळत. दिवस उकाड्याचे होते, सगळ्यांनाच घाम यायचा. ममतानं ओवा दिला, गरम पाणी दिलं, आणि नजर लावली होती ती दाराकडं, संघदीपच्या वाटेकडं. तिची सगळी काळजी एकाच माणसावर खर्च होत होती, दुसऱ्या कुणासाठी उरलीच नव्हती.

मग एक दिवस सत्यशीला मॅडमचा फोन आला. "उर्वशीची आई ना? तिला फळ्यावरचं दिसत नाहीये हो. वही अगदी डोळ्यांशी धरते. घरी मोबाईल फार बघते का?"

झालं. पंचफुलाबाईच्या हातात कोलीतच मिळालं. ममतालाही पटलं, कारण मोबाईल डोळे बिघडवतो हे तर मोबाईलवरच सगळे सांगत होते. तिनं मोबाईल हिसकावून पेटीत टाकला आणि कुलूप लावलं. उर्वशी हमसून हमसून रडली आणि रुसून बसली. बसली कुठं, तर आपल्या नेहमीच्या जागी, बोर्डाखाली, पंपाला टेकून. आता मांडीवर मोबाईल नव्हता म्हणून ती गादीत तोंडच खुपसून बसली. ममता म्हणाली, रुसू दे, आपोआप येईल वळणावर.

तो रविवार होता. आभाळ भरून आलेलं, घरात अंधारून आलं म्हणून ममतानं दिवसाच बल्ब लावला होता. संघदीप वावरातून आला, पंप धुतला, ममतानं तो नेहमीसारखा आत नेऊन लावला; आंघोळ करून, विहारावर बसून तो परत दारात उभा राहिला. ममतानं त्याची हनुवटी धरली. बाहुली ठीक होती.

"झालं समाधान? वाढ मंग आता."

ती हसत वळली. बोर्डाखाली उर्वशी झोपेतून उठल्यासारखी बसली होती. तिनं मान इकडं तिकडं फिरवली, हवेत हात चाचपले आणि विचारलं, "आई, लाईन गेली काय वं?"

ममतानं वर बघितलं. बल्ब जळत होता. पंखा फिरत होता. पंपाचा दिवा लाल होता.

"लाईन हाय ना, बाई."

"अंधार दिसून राह्यला मले."

पोरीच्या हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. फ्रॉक पाठीला चिकटला होता. ममता तिच्यापर्यंत कशी पोचली ते तिलाही कळलं नाही. तिनं पोरीला उचललं, दारात नेलं, रोज नवऱ्याला धरायची तसं तोंड उजेडाकडं वळवलं आणि डोळ्यांत बघितलं. दोन्ही डोळ्यांत काळं असं काही नव्हतंच. नुसता मोहरीचा एकेक दाणा.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं अख्खं भीमनगर अंगणात आलं.

संघदीपनं रूपसिंगला फोन लावला. रूपसिंग पिठाची पोती वाहायची गाडी घेऊन तसाच आला, अंगावर पिठाची पांढरी फक्की, पायात चप्पल नाही. "बसा पटकन. याडी, रडू नको, पोचवतो मी," एवढंच तो ममताला बोलला; तांड्यावर आईला याडी म्हणतात. यवतमाळच्या रस्त्यावर त्यानं कुठं ब्रेक मारला असेल तर देव जाणे. मागं ममता पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. उर्वशीच्या अंगाला मधेच झटके यायचे, मधेच ती सैल पडायची. सैल पडली की ममता तिच्या नाकापुढं बोट धरायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूला पऱ्हाटीच पऱ्हाटी, मान वर करून उभी. तिला वाटलं, खाली उतरावं आणि ही सगळी मुळासकट उपटून टाकावी.

दवाखान्यातला तो हॉल फवारणाऱ्यांनी भरलेला होता. सगळे दांडगे गडी. त्यात ही एवढीशी पोरगी खाटेवर ठेवली, तेव्हा शेजारच्या खाटांवरच्या बायांनीसुद्धा आपलं दुःख सोडून तिच्याकडं बघितलं. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला कमी, हाताला चपळ. तिनं डोळ्यांत बॅटरी मारली, इंजेक्शन दिलं, सुई टोचून सलाईन लावलं, कपडे काढून अंग पुसायला लावलं.

"वावरात गेली होती का?"

"कधीच नाई जी," संघदीप म्हणाला.

"औषधाचा डबा?"

"थो गोठ्यात, उच्च्या फयीवर. तिचा हातच नाई पुरत."

इंजेक्शनानं पोरगी जरा सावरली. बाहुली थोडी उघडली, लाळ थांबली. ममतानं हात जोडले. पण तासाभरानं पुन्हा घाम, पुन्हा लाळ, पुन्हा तो मोहरीचा दाणा. पुन्हा इंजेक्शन. पुन्हा सावरली, पुन्हा घसरली. डॉक्टरीणबाई खाटेशी थांबल्या आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "हे अजून कुठून तरी तिच्या अंगात जातंय. आम्ही देतोय त्याच्या बरोबरीनं आत येतंय. नीट आठवा. नाहीतर मला काही सांगता येणार नाही."

संघदीपचं डोकं फिरलं. "बापूजीचंच काम हाय हे! त्याचा गडी शाळेच्या हापशीवर डबे धुते, मी पाह्यलं हाय. मी त्याले सोडत नसतो!" तो मोबाईल काढून नंबर शोधायला लागला.

ममता पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. फिरवता फिरवता घाम पुसायला तिनं तोच हात स्वतःच्या तोंडाकडं नेला, आणि थांबली. हाताला वास येत होता. तेलाचा नव्हे. तो उग्र, आंबूस वास, जो विहिरीवर धुतल्यावर गेला असं तिला वाटलं होतं. तिनं वेणी नाकाशी धरली.

टाकी धुतली होती. नळी धुतली होती. गादीवरून पाणी ओतलं होतं, नुसतं ओतलं होतं. संघदीपच्या पाठीमागं रोज ओघळणारं सगळं त्या स्पंजानं पिऊन ठेवलं होतं, आणि रोज दुपारनंतर ती गादी पोरीच्या डोक्याखाली होती. पंप ज्यानं उंबऱ्याबाहेर ठेवला तो सासरा शहाणा होता, आणि आपण पंप कडेवर घेऊन आत आणला.

सांगावं तर नवरा काय करेल? सासू काय म्हणेल? अख्खा गाव बोट दाखवेल, आईनंच पोरगी खाल्ली म्हणून. क्षणभर, अगदी क्षणभर, ममताला गप्प बसावंसं वाटलं. भ्यालेल्या माणसाला असं वाटतं, त्याला काही इलाज नाही. मग उर्वशीच्या घशातून घरघर आली.

"डॉक्टरीणबाई," ती ओरडली, "केस! तिच्या केसात हाय थे! माया पोरीच्या केसात हाय!"

तिनं धडाधडा सांगून टाकलं. पंप, बोर्ड, गादी, मोबाईल, सगळं. संघदीपचा फोनवरचा हात खाली आला. डॉक्टरीणबाईंनी पुढचं ऐकून न घेता नर्सला हाक मारली. कात्री आली. कमरेपर्यंतची वेणी मुळाशी कचकच कापली, तेलकट, जड, आणि एका पिशवीत टाकून बाहेर नेली. राहिलेले केस वस्तऱ्यानं काढले. डोकं साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं, मानेची सालटी लाल होईपर्यंत धुतलं. नर्सनं हातमोजे घातले होते. ममताच्या ते लक्षात आलं.

पोरीच्या डोक्याचा तो पांढराफटक गोटा बघून संघदीप भिंतीला टेकला. "तूनं मले सांगतलं काहून नाई, थे तिथं बसते म्हून?"

"मलेच कुठं मालूम होतं?" ममता म्हणाली. "मी त तुमच्याकडे पाहून राह्यली होती."

रागवायचं त्याला सुचलं नाही. तो पंप आपल्याच पाठीवरचा, हे त्यालाही कळत होतं.

त्यानंतरचं इंजेक्शन टिकलं. डॉक्टरीणबाई येऊन बॅटरी मारायच्या आणि मान हलवून जायच्या, आणि त्या मान हलवण्याची दिशा बदलली होती. उजाडेपर्यंत बाहुल्या मोठ्या झाल्या, श्वास सरळ झाला. "निभावली," त्या म्हणाल्या. "नजर हळूहळू येईल. पण तुमचं काय? वेणी कोण घालायचं हिची?"

"मीच."

"रोज?"

"रोज सकायी. मंग भाकरी..." ममताचं वाक्य तिथंच राहिलं. रोज सकाळी त्या वेणीतून निघालेले हात सरळ पिठात जात होते. ती भाकरी संघदीपनं खाल्ली होती, म्हातारीनं खाल्ली होती, पोरीच्या डब्यात दिली होती. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही डोळ्यांत बॅटरी मारली, म्हातारीला आजच घेऊन या म्हणाल्या, आणि ममताला नळाकडं पाठवलं.

ती नळाखाली उभी राहिली. साबणाची वडी हातावर फिरवली, धुतली, वास घेतला. पुन्हा फिरवली. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटं. विटेच्या तुकड्यानं घासलं. रांगेत मागं उभ्या असलेल्या बाया कुरकुरल्या, तरी ती हटली नाही. वास गेला होता की नाकच मेलं होतं, तिला ठरवता येईना. शेवटी संघदीपनंच येऊन नळ बंद केला आणि म्हणाला, "चाल. जागी झाली थे. तुले बलावून राह्यली."

उर्वशी उशीवर मान कलती करून पडली होती. डोळे मोठे, काळे, अजून नीट न बघणारे. आईच्या पावलांचा आवाज तिनं ओळखला. हाताला सुई, तरी तिनं दुसरा हात वर केला.

"आई, जवय घे नं मले."

ममता खाटेपर्यंत गेली. वाकली. पोरीचा हात हवेत तिला शोधत होता, आणि तिनं आपले दोन्ही ओले हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले.